काट्याला घातलेला हार

मित्रांनो, पृथ्वीच्या पोटात काय चालले आहे हे राजे, पंतप्रधान आणि वर्तमानपत्रे यांच्या आधी मला कळते. हजारो मैलांवर समुद्राच्या तळाशी एखादा खडक कूस बदलतो आणि मी परळला बसल्या जागी त्याची नोंद करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी असे शेकडो हादरे नोंदवले. त्यातले बहुतेक शेजारच्या गंगुबाईंच्या मुसळाचे होते.

मी एक जुना भूकंपमापक आहे. माझी रचना सोपी आहे. लोखंडी चौकटीत टांगलेले एक जड वजन, वजनाला एक लांब काटा, आणि काट्यापुढे काजळी धरलेल्या कागदाचे फिरते नळकांडे. जमीन हलली की चौकट हलते, नळकांडे हलते, वजन मात्र जागचे हलत नाही. मग काटा काजळीवर नागमोडी रेघ ओढतो. म्हणजे सगळे जग हलत असताना आपण हललो नाही, एवढ्याच कर्तबगारीवर माझी नेमणूक झाली. अशा नेमणुका पुढे मी बऱ्याच पाहिल्या.

बघणाऱ्याला मात्र वाटते की काटाच थरथरतो आहे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. जन्मल्यापासून मला स्वस्थ म्हणून बसता आलेले नाही.

माझा जन्म ओसाकाचा. तेव्हा साठाहून अधिक देशांनी ठरवले होते की पृथ्वी सगळ्यांची आहे, तर ती सगळ्यांनी मिळून मोजावी. त्याच सुमारास मुंबई कोणाची यावर मुंबईत रान पेटले होते, पण पृथ्वीचा प्रश्न तेवढा सुटला होता. ओसाकाच्या विद्यापीठाने मला परळच्या एका कॉलेजाला दिले आणि सत्तावन्नच्या दिवाळीनंतर पेंढ्यात गुंडाळलेला मी गोदीत उतरलो.

माझ्यासाठी जागा निवडली विभागप्रमुख मनमोहन सरांनी. ते पाहणीला गेले त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी कडकडीत हरताळ होता. गिरण्या बंद, दुकाने बंद, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. सरांनी कॉलेजाच्या तळघरात उभे राहून कान दिला आणि अहवालात लिहिले, 'अत्यंत शांत परिसर.'

दुसऱ्या दिवशी हरताळ संपला.

एका बाजूला गिरणीचे माग, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे गंगुबाईंची खानावळ. गंगुबाई गिरणीकामगारांना जेवू घालत आणि मसाला विकतचा वापरत नसत. मन मानेल तेव्हा उखळात मिरच्या पडत, मुसळ उचलले जाई, आणि माझा काटा दचकून उडे. त्यात आठवड्यातून एखादा मोर्चा. हजारो पाय एका तालात पडले की मला घाम फुटायचा बाकी राही.

माझी रोजची रेघ बघायला एक मुलगी येई. उर्मिला धैर्यवान. गिरगावच्या प्रभू ज्ञातीतल्या घरातली, एम.एस्सी. झालेली. सरांचे म्हणणे पडे की मुलीने तळघरात एकटीने बसू नये, ती बसे. माझ्या नोंदींवर संशोधन करायला ओसाकाला तिच्यासाठी जागा ठरली होती. अट एकच. हे भूकंपमापन केंद्र परळला चालू राहिले पाहिजे. ते हलले, की जागा ज्या गावी केंद्र जाईल तिथल्या माणसाला.

आणि तसेच काहीसे घडू लागले. परळला रोज भूकंप कसा होतो, तोही कधी सकाळी, कधी दुपारी, हे ओसाकाला कळेना. तिथले प्राध्यापक हायाशी स्वतः बघायला यायचे ठरले. जागा योग्य नसेल तर यंत्र दुसऱ्या शांत शहरात न्यायचे. ही बातमी गुणाजी शिपायाने चाळीत नेली, आणि चाळीने जे करायचे तेच केले. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीबाहेर घोषणा सुरू झाल्या, "यंत्रासह परळ झालंच पाहिजे!" यंत्र कशाचे हे त्यातल्या कोणालाही ठाऊक नव्हते. त्या मोर्चाने माझी त्या आठवड्यातली सर्वांत मोठी रेघ काढली.

उर्मिला गंगुबाईंकडे गेली. भिंत पातळ, मला सगळे ऐकू आले.

"गंगुबाई, एक दिवस कुटू नका. माझं सगळं त्याच्यावर आहे हो."

"गिरगावची बाय, कुटूक नाय तर माझी माणसां काय जेवतली? तुझो काटो?"

"पाहुणे फार लांबून येतायत."

"येऊ दे. जपान्याक सांग, मुंबय आमची, उखळय आमचां!"

हायाशी आले तो दिवस दसऱ्याचा निघाला. ओसाकाच्या कॅलेंडरात दसरा नसतो. गिरण्यांना सुट्टी होती, खानावळीला नव्हती. सणाला कोंबडी होती, म्हणून मुसळ जोरात होते. सरांचा चेहरा पांढरा पडला. पण हायाशी माझ्यापुढे येऊन वाकले तेव्हा काजळीवर एक सरळ, सुरेख रेघ उमटत होती. केसाइतकीही वाकडी नाही.

पलीकडे धम्म. हायाशींच्या बशीत कप खणखणला. रेघ सरळ.

पुन्हा धम्म. सर मोठ्याने खोकले. रेघ सरळ.

"अद्भुत," हायाशी म्हणाले. "इतकं स्थिर केंद्र मी पाहिलं नाही. हे इथेच राहू द्या."

मित्रांनो, त्या क्षणी माझी जी तडफड झाली ती कोणाला दिसली नाही. कारण सकाळीच गुणाजीने माझी पूजा केली होती. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. त्याने घंटेची केली, पाण्याच्या पंपाची केली, मग हळदकुंकू घेऊन माझ्याकडे आला. झेंडूचा जाडजूड हार त्याने वजनापासून काट्यापर्यंत घेतला आणि सरकू नये म्हणून दोन्ही टोके चौकटीला गच्च बांधली. आता चौकट हलली की वजनही तिच्याबरोबर हले. जपान बुडाला असता तरी मी सरळ रेघ काढली असती. हायाशींनी हार पाहिला होता. इथला रिवाज समजून ते नम्रपणे गप्प राहिले.

उर्मिलेने तो आत्ता पाहिला. सरांनी तिचे पाहणे पाहिले.

"धैर्यवान," सर मराठीत पुटपुटले, "आज सण आहे. हार राहू दे."

"सर, रेघ खोटी आहे."

"जागा तर खरी आहे ना तुझी? ओसाकाची?"

माझा काटा बांधलेला होता, तिचे हात मोकळे होते. तिने हाराच्या गाठी सोडल्या. पलीकडे मुसळ पडले, आणि मी इतका उडालो की काजळीवर डोंगर उमटला. मागोमाग दुसरा, तिसरा.

हायाशींनी ते डोंगर एकेक करून मोजले. मग म्हणाले, "हे कोण करतं? मला भेटायचं आहे."

ते खानावळीत गेले. उर्मिला दुभाषी, सर मागे, गुणाजी त्यांच्याही मागे. गंगुबाईंनी मुसळ हातातून सोडले नाही.

"बोल, काय म्हणता हो पाहुणो?"

"ते म्हणतायत, त्यांच्या आईकडे असंच उखळ आहे. नव्या वर्षाला त्यात शिजलेला भात कुटतात."

"भात?" गंगुबाईंनी हायाशींकडे प्रथमच नीट पाहिले. "भात कुटून काय करतत? पोरांक दात नाय?"

उर्मिलेने कसे सांगितले कोण जाणे, पण हायाशी हसत सुटले. मग त्यांनी आपले म्हणणे मांडले. हादरा असायला हरकत नाही. जो रोज ठरल्या वेळी येतो तो हिशेबातून वजा करता येतो. न सांगता येतो त्याचाच त्रास. बाईंनी कुटण्याची एक वेळ ठरवली तर यंत्र इथेच राहील.

"आणि ही बाय जाईत तुमच्या गावाक?"

"जाईन," उर्मिलेने परस्पर उत्तर दिले.

गंगुबाईंनी मुसळ भिंतीला टेकवले. "दुपारची पंगत उठली की मगे. त्याआधी नाय, नंतर नाय. पण पाहुण्याक सांग, आता जेवल्याबिगर जायचा नाय."

हायाशी जेवले. डोळ्यांतून पाणी काढत जेवले.

गंगुबाईंनी वेळ पाळली, आणि उर्मिला ओसाकाला गेली. मोर्चांना मात्र कोणी वेळ लावून देऊ शकले नाही. साठ सालच्या मे महिन्यात एका दिवशी ढोल, लेझीम आणि नाचणारे पाय यांनी मला असे घुसळले की काटा कागदाबाहेर गेला. ओसाकाहून विचारणा येण्याआधीच तिथून उर्मिलेने लिहिले, "ती नोंद गाळू नका. मी इथे सर्वांना सांगितलं आहे. भूकंप नाही, आमचं राज्य आलं."

त्यानंतर नवी यंत्रे आली. मी कोपऱ्यात गेलो. तरी मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. देशादेशांनी, विद्यापीठा-विद्यापीठांनी एकत्र येऊन ज्ञान वाढवावे. सरळ रेघेच्या मोहात पडू नये. जुन्या यंत्रांचा मान राखावा.

आणि कॉलेजात कधी आलात तर माझ्यावरचा मागच्या दसऱ्याचा हार तेवढा काढा. झेंडू वाळला आहे, फार टोचतो.