धावेचा उतार

पार्बतानं जरा झुकावं, एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं. फार नाही, जरा. शेषरावाला तेवढं पुरलं असतं, जातीतले वडीलधारे खुशालराव त्यावर समाधानी झाले असते, आणि तिचे माहेरचे लोक तर तिवशाहून बैलगाडी जुंपून येऊन हेच सांगून गेले होते. नवरा गेलेल्या बाईनं कोणाच्या तरी आधारानं राहावं, यात वाईट ते काय? पार्बताच्या पाठीच्या कण्यातच काहीतरी खोट असावी. तो वाकायचा फक्त वांगी तोडताना.

मळा बडनेऱ्याच्या अलीकडे, काळ्या जमिनीचा, विहिरीला बारमाही पाणी असलेला. वऱ्हाडावर राज्य निजामाचं की इंग्रजाचं, याचा घोळ मोठे लोक नागपुरात बसून घालत. या मळ्यावर मात्र पार्बताचा नवरा गोवर्धन तापानं गेला त्या पौषापासून शेषरावाला आपलं राज्य हवं होतं. शेषराव म्हणजे गोवर्धनाचा थोरला भाऊ, पार्बताचा भासरा. वाटण्या कधीच झालेल्या, मळा आणि विहीर गोवर्धनाच्या वाट्याची. त्यामुळे शेषरावाला मळा मागता येत नव्हता, फक्त सांभाळायला घेता येत होता.

भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नसतं. म्हणून तो मळ्यात येई आणि निंदणाला येणाऱ्या तानुबाईला उद्देशून बोले. पार्बता चार हातांवर तोंडावर पदर ओढून उभी असे.

"सांग व तानुबाई तिले," तो म्हणे, "मळा मी वाहतो. दोन टाइम जेवाले माह्या घरी ये म्हणा. मोट कोण हाकणार हाये तिची?"

नड तिथंच होती. मळ्यात बाईनं खुरपावं, तोडावं, टोपलं डोक्यावर घेऊन अमरावतीच्या बाजारात बसावं, सगळं चालत होतं. मोट मात्र बाईनं हाकायची नाही. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे वादही घालता येत नव्हता. आणि गडी मिळत नव्हता, कारण शेषरावानं गावातल्या एकेकाला गाठून आधीच सांगून ठेवलं होतं.

फाल्गुन लागला तशी मेथी माना टाकू लागली. वांग्याची पानं दुपारी गुंडाळायला लागली. तेव्हा शेषरावानं विहिरीपासून खाली उतरत गेलेल्या धावेकडे बोट दाखवून तानुबाईला शहाणपणाचं सांगितलं.

"पाह्य, या उतारावरून बैल खाली जाते तवा कुठं पाणी वर येते. घरातबी कोणाले तरी खाली उतरावं लागते."

पदराआडून पहिल्यांदाच उत्तर आलं. "सांग व तानुबाई त्यायले, खाली गेलेला बैल परत मागं येते. मले मागं येऊ देतीन का ते?"

शेषराव बांधावरून चालता झाला. ते उत्तर पार्बताला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः बैल जुंपले. मोट विहिरीत सोडली, ती भरल्याचा गुडगुड आवाज ऐकला, पदर कमरेला खोचला आणि नाड्यावर बसली. मोटेचा हा जाड दोर बैलांच्या जुवापासून विहिरीपर्यंत ताणलेला असतो. हाकणाऱ्यानं त्यावर बसून आपलं वजन टाकायचं, म्हणजे बैलांना उतारावर मदत होते. तिनं वजन टाकलं. चांद्या आणि बुधा जागचे हलले नाहीत. तिनं चुचकारलं, कासरा झटकला, शेवटी शिव्या दिल्या. दोघे कान मागं करून कशाची तरी वाट बघत उभे.

मग तिच्या लक्षात आलं. गोवर्धनानं या बैलांवर कधी चाबूक उगारला नव्हता. तो गायचा. मोट भरली की एक कडवं म्हणायचा, आणि कडव्याची शेवटची ओढ आली की बैल आपोआप उताराला लागायचे. बैलांना गाण्याची सवय होती, हुकमाची नव्हती.

ते गाणंही धड नव्हतं. त्यानंच रचलेलं, बायकोला चिडवणारं:

*तिवशाची नार, तिच्या नाकावर राग,*
*रागाच्या पाण्यानं माहा फुलला बाग.*

इतकी वर्षं खाली वाफ्यात पाणी वळवताना ती हे ऐकत आली होती आणि खालून ढेकूळ फेकून मारत आली होती. आता तेच तिनं गायचं. नवरा जाऊन तीन महिने झाले नाहीत अशा बाईनं, उघड्या शिवारात. आधी ती गुणगुणली. बैलांनी दाद दिली नाही. मग तिनं मेथीकडे पाहिलं, आणि गळा मोकळा सोडला. कडव्याची ओढ आली आणि बैल उताराला लागले. पार्बता नाड्यावर बसून ओक्साबोक्शी रडत खाली गेली, पण सूर सोडला नाही. वर थारोळ्यात पाणी कोसळलं, पाटाला लागलं आणि तानुबाई फावडं घेऊन धावली.

चार दिवसांत गावभर झालं. बाई मोट हाकते हे एक वेळ गिळलं असतं लोकांनी. पण रांडव बाई मोटेवर गाते, आणि तेही स्वतःच्या नाकाबद्दल! पाचव्या दिवशी शेषराव खुशालरावांना घेऊन आला. मागून आणखी बरेच जण आले, त्यांना नुसतं बघायचं होतं.

खुशालराव माणूस वाईट नव्हते. जिकडे दोन माणसं जास्त, तिकडे त्यांचा कल. ते म्हणाले, "बाई, मोट हाकतं त हाक. आमी डोळे झाकून घेतो. पण गानं नको. तेवढं आमचं आयक."

पार्बता नाड्यावरून उतरली. मोट खाली पाण्यात भरून तयार होती. तिनं कासरा पुढं केला आणि तानुबाईला मध्ये न घालता सरळ बोलली.

"घ्या भाऊजी. न गाता हाकून दाखवा."

शेषरावाला नाही म्हणता आलं नाही. तो बसला. हाकारे झाले, शेपट्या पिरगाळून झाल्या. कासऱ्याचा फटका बसला तशी बुधानं एक पाय पुढं टाकला आणि पुन्हा मागं घेतला. मागचा एकजण म्हणाला, "गा ना शेषराव, एवढं काहून लाजतं?" लोक हसले. शेषरावाचे कान लाल झाले. आपल्या धाकट्या भावजयीच्या नाकावर त्यानं गावं कसं? तो उतरला, कासरा फेकला आणि धावेच्या मधोमध, बैलांसमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांची रीत विसरून तिच्याकडे बोट रोखून बोलला.

"आता तूबी हाकू नको. मी हटत नाई इथून."

पार्बता नाड्यावर चढली. तिनं पदर तोंडावर ओढला नाही. बैलांना सूर कळतो, शब्द कळत नाहीत, हे या पाच दिवसांत तिला समजलं होतं. तिनं गोवर्धनाचाच सूर धरला, शब्द आपले घातले:

*धनी गेला, नाई गेली तिवशाची नार,*
*बाजूले व्हा भाऊजी, येते पाण्याची धार.*

शेवटची ओढ आली. भरल्या मोटेनिशी उताराला लागलेली जोडी माणूस बघून थांबत नाही, हे शेषराव मळेकऱ्याचा मुलगा असल्यानं जाणून होता. त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. ती अंग मागं टाकून बसली होती, सगळं वजन दोरावर. त्यानं उडी मारली आणि पाटात, चिखलात घोट्यापर्यंत रुतला. वर पाणी कोसळलं. कोणीच हसलं नाही.

"जातीत तुले कोणी पानावर बसवणार नाई," चिखलातून पाय काढत तो ओरडला.

पार्बतानं धावेच्या तळाशी बैल थांबवले.

"नका बसवू," ती म्हणाली. "पानावर वाढाले भाजी मातर माह्याच मळ्यातून न्या. यंदा वांगे चांगले येऊन राहिले."

आणि तिनं बैल मागं घ्यायला सुरुवात केली, कारण मेथीचे खालचे वाफे अजून कोरडेच होते.