उभ्या गाडीचं इंजिन

गाडी घेऊन जेमतेम तीन महिने झाले आणि ती चढावर मेली. मेली म्हणजे बंद नाही पडली; बंद पडती तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. आधी पिवळा दिवा लागला, मग त्याच्या शेजारचा लागला, आणि कोरी करकरीत डिझेल गाडी वीसच्या पुढे जाईना. "मागून एक सायकलवाला आला आणि पुढे निघून गेला," आमचे हे घरी येऊन म्हणाले. मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून गिळून टाकलं.

हे म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि ही पहिली स्वतःची. कागदावर मात्र नाव माझं, कारण ह्यांनी दोनदा सही केली की दोन वेगळ्या माणसांची वाटते. बिस्किटांच्या कारखान्यातली खोकी शहरातल्या दुकानांना पोचवायची, एवढंच काम. एक आठवडा हे चालवायचे, एक आठवडा माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणतात, अंगाने दाराएवढा असला तरी.

बारक्याच्या हातात पहिल्यांदा स्टेअरिंग दिलं ते माझ्या सासऱ्यांनी. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक हाकला. मग नजर अधू झाली, लायसन गेलं, आणि तेव्हापासून खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकतात आणि "बेअरिंग गेलंय" म्हणून सांगतात. बेअरिंग खरंच गेलेलं असतं, ते सोडा.

तर गाडी. नाक्यावरच्या मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्याने टाकीतलं डिझेल बोटावर घेतलं, हुंगलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "रॉकेल मिसळल्यासारखं वाटतंय बुवा." झालं! आधीच रोज दोन-तीन लिटर डिझेल कुठे जातंय ते कळत नव्हतं. ह्यांनी दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या आणि गाठ मारली ती माझ्या भावावर. हा डिझेल काढून विकतो आणि वर रॉकेल ओततो, म्हणे.

गाडी वखारीमागच्या मैदानात उभी असते, घरापासून दहा मिनिटांवर. तिथं, सकाळी, पाच-सहा ड्रायव्हरांसमोर ह्यांनी बारक्याची पिशवी उलटी केली. आत एक रबरी नळी निघाली. कुठल्या ड्रायव्हरकडे नळी नसते? ह्यांच्या स्वतःच्या सीटखाली दोन आहेत. पण राग आला की आमच्या घरात अकलेला सुट्टी असते. बारक्या म्हणे एक शब्द बोलला नाही. सामान गोळा केलं आणि चालत निघून गेला.

मला हे कुणी सांगितलं? नवऱ्याने नाही. दुसऱ्या ड्रायव्हरच्या बायकोने सांगितलं, तेही तोंड वाकडं करून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा भाऊ चोर?" मी ह्यांना विचारलं. "भाऊ तुझा आहे म्हणून काय मी डोळ्यांवर पट्टी बांधू?" हे म्हणाले. त्या दिवसापासून आमच्यात कामापुरतं बोलणं. चहा झालाय, पाणी गेलंय, एवढंच.

गाडी मात्र बारक्या गेल्यावरही सुधारेना. शेवटी सोमवारी आम्ही ती रांगत रांगत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. सही माझी लागते म्हणून मीही गेले. तिथला चष्मेवाला मिस्त्री हाताला काळं न लावता काम करणारा. त्याने स्टेअरिंगखाली एक वायर खोचली आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"रॉकेल-बिकेल काही नाही," तो म्हणाला. "धुराची जाळी तुंबली आहे."

"म्हणजे?"

त्याने हवेत चौकोन काढून दाखवला. नव्या गाड्यांना धुराच्या नळीत जाळी असते. काजळी त्या जाळीत अडकते आणि इंजिन चांगलं तापलं की जळून जाते. पण तापायला गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास पळायला पाहिजे. "तुमची गाडी एक तर गल्ल्यांत फिरते, आणि वर रोज दीड तास उभ्या उभ्या चालू असते. जुन्या इंजिनाला चालायचं ते. हिला नाही चालत. डिझेलही फुकट जळतं आणि काजळीही साचते."

"उभी कोण चालू ठेवेल?" हे म्हणाले.

त्याने पडदा आमच्याकडे वळवला. "सकाळी सहा ते साडेसात. तीन महिने, एक दिवस चुकलेला नाही."



किल्ली मी देत होते. सासऱ्यांना. गाडी आली तेव्हा ह्यांनी त्यांना काच पुसायची परवानगी दिली होती, पण "किल्लीला हात लावायचा नाही, दिसत नाही तुम्हाला," असं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "सूनबाई, गाडी हलवणार नाही. नुसती चालू करतो. थंड इंजिन तसंच जुंपू नये, हाल होतात त्याचे." ज्या माणसाने आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही तो किल्लीसाठी उभा होता. मी दिली. पंधरा मिनिटं, असं म्हणाले होते. परत यायचे तेव्हा तोंडावर असं तेज असायचं की मी घड्याळ बघितलंच नाही. आणि उभ्या गाडीने काय बिघडतं? मला काय माहीत! घरात मिक्सर दोन मिनिटं जास्त फिरला तर गरम होतो, एवढंच माझं ज्ञान.

तिथं वर्कशॉपमध्येच मी तोंड उघडायला हवं होतं. "माझ्या आठवड्यातसुद्धा?" हे चष्मेवाल्याला विचारत होते. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे त्याने दुसरी किल्ली करून घेतली. सकाळी येऊन गाडी चालू करायचा आणि डिझेल काढायचा. बघ, बघ तुझा भाऊ!" डिझेल काढायला गाडी चालू कशाला लागते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला तर कळतच होतं. पण बोलले असते तर सासऱ्यांची ती एक सकाळ गेली असती, आणि ह्यांनी त्यांना काय काय सुनावलं असतं ते माझ्या कानात आधीच वाजत होतं. म्हटलं, घरी जाऊन बोलू. सावकाश, नीट.

चष्मेवाल्याने गाडी वर्कशॉपच्या अंगणात उभी करून लॅपटॉपवरूनच तापवली. पाऊण तास ती घरघरत होती, जळक्या वासाने डोकं उठलं, आणि मग दिवे विझले. येताना गाडी एखाद्या वासरासारखी पळाली. हे शीळ घालत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवारी बोलले नाही. मंगळवारी दुपारी एका ट्रान्सपोर्टच्या मालकाचा फोन आला. तुमचा मेव्हणा कामाला विचारतोय, कसा आहे? मी तिथंच भाजी निवडत बसले होते. हे म्हणाले, "गाडी चांगली चालवतो. पण टाकीला कुलूप लावा." पलीकडचा माणूस हसला. मी मान खाली घातली आणि देठं मोडत राहिले. बुधवारीही तसंच.

ते दोन्ही दिवस सकाळी सासरे आले आणि मी किल्ली दिली. कशी दिली ते मला विचारू नका.

गुरुवारी सकाळी हात पुढे आला आणि माझा हात उठेना. मी ह्यांना हाक मारली आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. किल्ली मी दिली, रोज दिली, बारक्याचा काही संबंध नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही, आणि दोर मी धरला होता.

मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. पण हे मटकन खाली बसले. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "उद्यापासून नको देऊस, पोरी." आणि खुर्चीत जाऊन बसले. पंखा चालू होता, त्याबद्दल काही बोलले नाहीत.

"तू जा त्याच्याकडे," हे म्हणाले. "मला तोंड नाही."

बारक्या वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. मी गेले तेव्हा जिन्याखाली बसून हातगाडीच्या चाकाला ग्रीस लावत होता. मंडईत पोती ओढायचं काम मिळालं होतं. ज्याने घाटात मालाने भरलेली गाडी एका हाताने वळवली, तो.

"बारक्या, तुझ्यावरचा आळ गेला," मी म्हटलं आणि एका दमात सगळं सांगितलं. जाळी, काजळी, किल्ली, सासरे. मला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर मला चार शिव्या घालेल. दोन्हीला मी तयार होते.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"बाबा गाडी चालू करतात ते. मी नऊला जायचो, तरी बॉनेटला हात लावला की ऊब लागायची. डिझेल त्यातच जातंय हेही कळत होतं. दाजींना सांगितलं असतं तर त्यांनी बाबांना मैदानातही येऊ दिलं नसतं. म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस खूश आहे."

"अरे, मग पिशवी उलटी केली तेव्हा तरी बोलायचंस!"

त्याने चाक फिरवून बघितलं. "बाबा तिथंच होते, ताई. काच पुसत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. म्हटलं, आता बोलतील. आता बोलतील." मग म्हणाला, "नाही बोलले. घाबरले असतील."

मी त्याच्या हातातलं चाक धरलं. "चल घरी. तुझे दाजी स्वतः त्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करतो म्हणालेत, चूक झाली म्हणून सांगतो म्हणालेत."

"मंगळवारी त्याने दाजींना फोन करून विचारलं, आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला. काल."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. बारक्याने हात पुसले आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं, ताई?"

"सोमवारी. वर्कशॉपमध्ये."

त्याने बोटांवर दिवस मोजले. मग अगदी साध्या आवाजात त्याने विचारलं, "मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा तू घरात होतीस?"

"होते," मी म्हटलं.