डॉक्टरांनी दिलेला हवाला

खान्देशात दगड भिरकावला तर तो पाटलाच्याच अंगणात पडतो, हे त्या कॉम्प्युटरला कोण सांगणार? मी दिपमाला पाटील, धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात मराठी शिकवते. इंटरनेटवर संशोधकांच्या लेखांची यादी आपोआप तयार होते ना, तिथं माझ्या नावावर सिमेंट, माशांचे रोग, दातांची मुळं असलं काय काय चढलं होतं. आणि वर हजारावर हवाले! कुणी आपल्या लेखात तुमच्या लेखाचा आधार घेतला की तो एक हवाला. सगळ्या डी. पाटलांची कमाई माझ्या पदरात.

"ताई, बठ्ठं ऱ्हाऊ द्या. कोन देखस?" फिजिक्सचे योगराज सर म्हणाले. म्हणजे सगळं राहू द्या, बघतंय कोण.

"मी देखस ना!" मी कडाडले. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं माझ्या रक्तात नाही. एकेक परका लेख उपटून काढला. मागे राहिले माझे चार लेख आणि त्यांचे वीस-बावीस हवाले.

ते बघून कस्तुराचा चेहरा उतरला. ही माझी विद्यार्थिनी, सातपुड्याच्या पायथ्याची, पावरा घरातली. तिला आपल्या पावरी बोलीवर पीएच.डी. करायची होती आणि गाईड हवी तर मीच, हा हट्ट. मला गाईडची मान्यता मिळाली नाही तर यंदा तिची नोंदणी होणार नव्हती, आणि घरचे यंदापुरतेच थांबायला तयार होते. पुढच्या वर्षी लग्न. एवढ्याशा हवाल्यांवर कोण मान्यता देणार? माझ्या प्रामाणिकपणाचाच मला सणसणीत राग आला.

जळगावला विद्यापीठाच्या मान्यता समितीपुढे गेले. कस्तुरा बाहेर बाकावर बसली. अध्यक्षांनी हवाल्यांची यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, यात भाषेच्या लेखांतले हवाले तीनच. बाकी बालरोग, पशुवैद्यक, शेती. हे दुसऱ्या कुणा पाटलांचे दिसतात. काढायचे राहिले वाटतं?"

अरे देवा! परके काढून आले, तर आता माझेच परके ठरले!

"साहेब, ते माझेच आहेत. आजारपणाच्या अहिराणी शब्दांवर माझा लेख आहे. ते शब्द घेऊन साक्रीकडच्या डॉक्टरांनी आयांना प्रश्न विचारले. उघडून तर बघा."

"मराठीच्या बाईंना बालरोगवाले कशाला विचारतील? अतिसार म्हणा की हागवण, काय फरक पडतो?"

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"फरक असा पडतो साहेब, की पोराला अतिसार झालाय का विचारलं, तर आई नाही म्हणते. हागवण म्हटलं की लगेच पोराला पुढे करते. नाहीतर ते पोर थेट सलाईनवरच दिसतं!"

घ्या, बसा आता बोंबलत, मी स्वतःला म्हटलं; तोंडानं घात केला पोरीचा.

समितीत वनस्पतिशास्त्राच्या एक बाई होत्या. त्यांनी लॅपटॉप ओढला, डॉक्टरांचा लेख उघडला आणि मोठ्यानं वाचला. बोलीत विचारल्यावर आजारी मुलं कितीतरी जास्त सापडली होती, आणि खाली हवाला होता, दि. पाटील, धुळे. मग त्यांनी गुरांच्या डॉक्टरांचा उघडला. तिथंही मीच.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस खुनशी नव्हता.

"माझी आईसुद्धा अतिसार म्हणाली नसती," ते म्हणाले. "किती विद्यार्थी घ्याल?"

"एक. बाहेर बसलीय."

त्यांनी सही केली.

कस्तुरा एरवी इतकं हळू बोलायची की मी खेकसायचे तिच्यावर. तिनं तिथंच बाकावरून आईला फोन लावला आणि पावरीत ओरडून ओरडून सांगायला लागली. एकीकडे रडत होती, एकीकडे हसत होती. काय झालं म्हणून शिपाई बघायला आला. मला त्यातलं 'मॅडम' सोडून एक अक्षर कळलं नाही. माझेही डोळे भरून आले होते.

तिनं फोन ठेवला तशी मी म्हटलं, "चल, आधी चहा. आणि धुळे येईपर्यंत बसमध्ये मला पावरीचा पहिला धडा दे. गाईडला काही यायला नको का?"