खिंडीतली गप्प सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. खरं सांगायचं तर आता सायकल म्हणवून घेण्याइतकीही उरलेली नाही. माझं पुढचं चाक एका खिळ्याला टांगलंय, ते धरणारा चिमटा दुसऱ्या खिळ्याला, आणि बाकीची मी या दुरुस्तीच्या दुकानात छताला उलटी लटकते आहे. तुम्ही पंक्चर काढायला येता, वर बघता आणि विचारता, "हिला काय झालं?" दुकानवाल्या देफेंदेकाकांना ऐकू येत नाही, म्हणून ते उत्तर देत नाहीत. मग म्हटलं, आपणच सांगावं.

माझा जन्म तोरिनोच्या एका कारखान्यात झाला. तिथून १९५१ साली माझा मालक एव्हाझियो मला चालवत रोकाल्बाला, या आमच्या गावी, घेऊन आला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आणि माझा लाल रंग बघून गल्लीतल्या बायका खिडक्यांत आल्या होत्या. हो, मी दिसायला चांगली होते. आता हसू नका.

आमच्या गावात माणसं कमी बोलतात आणि सायकली तर मुळीच बोलत नाहीत. कुरकुरणारी सायकल म्हणजे घरात आळशी माणूस, असं इथे मानतात. द्राक्षांची तोडणी संपली की त्यानंतरच्या रविवारी सगळे सायकलस्वार लूपो खिंडीत जातात. गावापासून आधी द्राक्षमळ्यांचे उतार, मग चेस्टनटची झाडी आणि शेवटी नुसता दगड. वर मारियामातेचं छोटं चॅपेल आहे. तिथे म्हातारी माणसं भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहतात आणि एकेक सायकल त्यांच्यासमोरून जाते. जिचा आवाज अजिबात येत नाही, तिच्या मालकाला नव्या वाइनचा पहिला पेला. त्यानंतर सगळे मिळून उतरतात. मी एव्हाझियोला तो पेला अकरा वेळा मिळवून दिला. त्या दिवसांत तो मला स्वतःच्या लग्नातल्या रुमालाने पुसायचा, आणि बायको ओरडली तरी ऐकायचा नाही.

पण मित्रांनो, वर्षातला तो एक रविवार. बाकीचे दिवस कामाचे.

उन्हाळ्यात द्राक्षांवर निळं औषध मारावं लागतं. चुना वर मळ्यातल्या खड्ड्यात असायचा, मोरचुदाचं पाणी मात्र एव्हाझियो घरूनच न्यायचा. तांब्याचा डबा माझ्या हँडलला अडकवायचा आणि चढाला लागायचा. डबा हिंदकळायचा. निळे थेंब माझ्या मानेवर पडायचे, आणि तिथून आत, चिमट्याच्या नळीत उतरायचे. संध्याकाळी तो मला बाहेरून लख्ख पुसायचा. आत कोण बघणार? त्या निळ्या पाण्याने मला आतून खायला सुरुवात केली, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

ओळखलं एकट्या देफेंदेने. तो मूळचा पिपं बनवणारा. आयुष्यभर पिपांवर हातोडा मारून त्याचे कान गेले, तेव्हा त्याने सायकलदुरुस्ती सुरू केली. कानांऐवजी तो दातांनी ऐकतो. काठीचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं लोखंडाला लावायचं. १९६४ साली भर चौकात त्याने मला अशी काठी लावली आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "अरे एव्हाझियो, मोरचूद लोखंड खातो! हा डबा लटकवणं बंद कर, नाहीतर ही सायकल एक दिवस तुला खाईल!"

सगळा चौक हसला. एव्हाझियोचं तोंड माझ्या रंगाचं झालं. "आधी स्वतःचे कान बघ," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्या दोघांचं बोलणं बंद झालं. पंधरा वर्षं! समोरून देफेंदे आला की एव्हाझियो माझी घंटासुद्धा वाजवायचा नाही.

मध्ये, १९७४ साली, एकदा वाईट झालं. देफेंदेचा धाकटा भाऊ तेल्मो खिंड उतरताना सातव्या वळणावर दरीत गेला. तिथे लोखंडी क्रूस उभा राहिला आणि त्यावर तेल्मोच्या चाकाची रिंग अडकवली गेली. लोक म्हणाले, वेग नडला. देफेंदे काहीच बोलला नाही.

आणि मग १९७९ सालच्या वसंतात माझ्या मानेत आतून चीर पडली आणि तिथून आवाज यायला लागला. कर्र. हँडल वळवलं की कर्र. मित्रांनो, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांनी मला तोंड फुटलं होतं. आता तरी हा मला उघडून बघेल, असं वाटलं.

एव्हाझियोचा गुडघा तेव्हा दुखायला लागला होता. त्या वर्षी खिंडीत मला त्याची मुलगी नीव्हेस नेणार होती. सतरा वर्षांची, आई नसलेली, बापासारखीच हट्टी. तिनेच विचारलं, "बाबा, ही कुरकुरतेय. देफेंदेकाकांना दाखवू का?"

"त्या बहिऱ्याला? तो काय ऐकणार आहे, कपाळ!" एव्हाझियो म्हणाला. त्याने डुकराची चरबी आणली, वितळवली आणि माझ्या मानेत ओतली. वरून आणखी थापली. हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मी गप्प. "बघ," तो म्हणाला, "झाली की नाही शहाणी?"

भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. चीर होती तिथेच होती, फक्त माझ्या तोंडात बोळा कोंबला होता.

तो रविवार धुक्याचा होता. आम्ही निघालो तेव्हा तोडणी झालेल्या वेली लाल पानांनी नुसत्या उभ्या होत्या आणि पिपांमधून आंबट वास येत होता. नीव्हेस हळू, एका लयीत चढत होती. वर रस्त्यावर आमच्या रबराच्या सरसरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तिला ती शांतता आवडली. ती मनापासून हसली. मी मात्र प्रत्येक खड्डा मोजत होते. चढताना भार मागे असतो. उतरताना तो सगळा पुढे येणार होता, माझ्या मानेवर.

एव्हाझियो ट्रॅक्टरवरून आधीच वर पोचला होता. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले, नीव्हेस त्यांच्यासमोरून गेली आणि एकाही कानाला काही लागलं नाही. "बारावा पेला!" कोणीतरी ओरडलं. तेवढ्यात बाकावरून देफेंदे उठला. काठी टेकत आला, माझ्यासमोर वाकला आणि काठी दातांत धरली.

"काका, सायकल आहे ती, कणीस नाही!" एकजण म्हणाला, आणि सगळे खिदळले.

देफेंदेने नीव्हेसला खुणेने हँडल हलवायला लावलं. एकदा. दोनदा. मग काठी तोंडातून काढून तो म्हणाला, "पोरी, ही खाली नेऊ नकोस. चालत जा."

"देफेंदेकाका, पण हिचा आवाजच येत नाही," नीव्हेस म्हणाली. त्याने तिच्या ओठांकडे बघितलं.

"तेल्मोच्या सायकलचाही येत नव्हता. मीच बंद केला होता आवाज. ग्रीस भरून. या पेल्यासाठी!"

हसणं थांबलं. पाच वर्षांत हे त्याने पहिल्यांदा सांगितलं होतं. नीव्हेस हळूच माझ्यावरून खाली उतरली. पण एव्हाझियो पुढे आला, आणि त्याचं तोंड पुन्हा चौकातल्यासारखं लाल झालं होतं. "अठ्ठावीस वर्षं उतरतोय मी हिच्यावरून. दे इकडे! मीच नेतो."

"बाबा, नका ना. माझ्यासाठी तरी!"

"घरी भेटू," तो म्हणाला आणि निघालासुद्धा.

मित्रांनो, पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि माझ्या आतली चीर केसभर पुढे सरकली. दुसऱ्या वळणावर आणखी. मी ओरडत होते, पण चरबीपलीकडे आवाज जाईना. पाचवं वळण. सहावं. मग धुक्यातून क्रूस दिसला आणि तेल्मोची रिंग. एव्हाझियोने हळूहळू, फार हळूहळू मला थांबवलं.

तो खाली उतरला. मागे बघितलं, पुढे बघितलं. कोणी नव्हतं. खिशातून वेली छाटायचा चाकू काढला, मिटला, त्याची लाकडी मूठ दातांत धरली आणि दुसरं टोक माझ्या मानेला लावून हँडल हलवलं. चरबीआडची कर्र त्याच्या दातांत पोचली आणि तो मटकन खाली बसला.

आता शहाणा माणूस काय करील? तिथेच थांबेल, मागून येणाऱ्यांना सांगेल. पण माझा मालक तो माझा मालक! वरून माणसं येताना दिसली, तसा त्याने मला दगडी बांधाआड ओढलं आणि सगळे जाईपर्यंत माझ्याशेजारी लपून बसला. ट्रॅक्टरही गेला, त्यावर नीव्हेस उभी होती आणि खाली दरीत बघत होती. त्याने मान खाली घातली. मग मला हाताने ढकलत, रस्ता सोडून मळ्यांमधल्या पायवाटेने तो तीन तास उतरला. सायकलवरून आलो असं सांगणार होता.

अंधारून यायला लागलं तेव्हा आम्ही घरी पोचलो. दार सताड उघडं, चूल थंड. "नीव्हेस!" त्याने हाक मारली. घरात कोणी नव्हतं. त्याने मला उंबऱ्यावर चढवायला पुढचं चाक उचललं आणि दगडावर टेकवलं. टक् असा छोटासा आवाज झाला. चाक चिमट्यासकट आत गेलं, मी बाहेर राहिले. तुटलेल्या जागी आतून सगळं हिरवंनिळं होतं.

तो तसाच उंबऱ्यावर बसला. चाक कुशीत घेऊन.

किती वेळाने कोण जाणे, गल्लीत कंदील दिसले. पुढे नीव्हेस होती. गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही तळवे सोललेले. मागे देफेंदे आणि दोर घेतलेली पाच-सहा माणसं. बापाला बघून ती जागच्या जागी थांबली.

"मी दरीत उतरले होते, बाबा," ती म्हणाली. "तेल्मोकाकांच्या क्रूसाखाली. तुमची टोपी तरी सापडेल म्हणून."

एव्हाझियोला रडू फुटलं. उठून तिच्याजवळ गेला, तिचे सोललेले हात हातात घेतले. मग देफेंदेकडे वळला आणि पुटपुटला, "मी चालत आलो."

"काय?" देफेंदेने विचारलं. अंधारात त्याला ओठ दिसत नव्हते.

"मी चालत आलो!"

"मोठ्याने बोल!"

"चालत आलो! घाबरलो! लपून बसलो!" एव्हाझियो जिवाच्या आकांताने ओरडला. "तू खरं बोलत होतास, देफेंदे! पंधरा वर्षं!" एकेक खिडकी उघडली. सगळ्या गल्लीने ऐकलं, आणि त्याने एकदाही आवाज कमी केला नाही. देफेंदेने कंदील खाली ठेवला आणि चाक त्याच्या हातातून काढून घेतलं.

तेव्हापासून मी इथे आहे. एव्हाझियो रोज संध्याकाळी येऊन खाली बाकावर बसतो. दोघं ओरडून गप्पा मारतात आणि शेजारी वैतागतात. नीव्हेसच्या नव्या सायकलची घंटा जरा खडखडते. तिने ती मुद्दाम तशीच ठेवली आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमची सायकल कुरकुरली तर तेलाची बाटली शोधू नका. आधी तिला विचारा, कुठं दुखतंय? ती रागावून आवाज करत नसते. तिला तुम्हाला घरी पोचवायचं असतं.

तोडणी परवा संपली. उद्या रविवार. आज सकाळी दुकानासमोरून एकजण खिंडीच्या दिशेने सराव करायला गेला, तुमच्यापैकीच कोणाचा तरी मोठा भाऊ. बाकावरच्या माणसांनी मान डोलावली, कारण त्याच्या सायकलचा आवाज अजिबात आला नाही. तिच्या हँडलवर, डबा अडकवायच्या जागी, निळे डाग होते. मी वरून बघितलं. देफेंदे तेव्हा आत तुमचं पंक्चर काढत होता.