डावा बारीक वाजतोय

राजेश्वरीनं साईराजच्या इयरबडची रबरी टोपणं काढली, कापसाच्या बोळ्यानं पुसली आणि दोन्ही बड स्वतःच्या कानांत घातले. साईराज काउंटरला टेकून उभा होता. पहिली पाळी सुटून अर्धा तास झाला असेल-नसेल, निळ्या शर्टावर लोखंडाची काळी पूड तशीच होती.

"डावा बारीक वाजतोय, वैनी," तो म्हणाला. "उजवा एक नंबर. डाव्यानंच घात केलाय."

तिनं गाणं लावलं. आवाज कमी केला, वाढवला, डोळे मिटून पुन्हा ऐकलं. दोन्हीकडं सारखंच वाजत होतं.

कुपवाडच्या एमआयडीसीतलं तिचं मोबाइलचं दुकान टीचभर, पण तिच्या शब्दाला वजन होतं. नवा माल आला की सांगलीचा व्यापारी काय वाट्टेल ते सांगो, ती एक डबी फोडायची आणि दोन दिवस स्वतः वापरायची. भाकरी थापताना, फोडणीच्या धुरात, स्कूटीवर वाऱ्यात. वाऱ्यात आपलं बोलणं पलीकडच्याला कळतं का, घामानं बड निसटतो का, एका चार्जिंगवर अख्खा दिवस निघतो का, सगळं बघायची. सात-आठशे रुपयांत कुणाला स्वर्गातलं संगीत मिळत नाही, हे तिला कळत होतं. पण कामावरून दमून आलेल्या माणसाला घरच्यांचा फोन तरी नीट ऐकू आला पाहिजे. नापास माल ती तोंडावर परत करायची. त्यामुळं व्यापारी तिच्यावर डाफरायचा आणि गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवायचं.

म्हणून तर ही डबी तिच्या जिव्हारी लागली होती. ही तिनंच पास केलेली. महिन्याभरात पाच जण परत घेऊन आले आणि पाचही जणांची तक्रार एकच, डावा बारीक. पहिल्या चार डब्या तिनं सांगलीला पाठवल्या. व्यापाऱ्यानं तपासून जशाच्या तशा परत धाडल्या, वर "तुमचं गिऱ्हाईकच बारीक दिसतंय" म्हणून फोनवर खिदळला. ते खिदळणं ती अजून विसरली नव्हती.

"साईराज, ह्यो डावा घे आन् उजव्या कानात घाल."

"बसायचा न्हाई की त्यो."

"नुसता धरून बघ."

त्यानं धरला. कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"आयला, ह्यो तर झकास वाजतोय!"

"आता उजवा डाव्या कानात धर."

त्यानं धरला, जरा थांबला आणि मग हसायलाच लागला. "आता ह्योबी बारीक झाला! वैनी, ब्लूटूथचंच लफडं हाय बघा."

राजेश्वरी हसली नाही. हातातला कापूस हातातच राहिला. बड बदलला तरी खोट आपल्या जागेवरून हलली नव्हती. ती त्या पोराच्या कानाकडं बघत राहिली. चोवीस वर्षांचा पोरगा, कानात परवाच टोचून घेतलेली भिकबाळी.

"कुठल्या शेडला असतोस रं तू?"

"हॅमरवर. दादांच्या हाताखालीच की."

दादा म्हणजे कृष्णात, तिचा नवरा. राजेश्वरीनं मनातल्या मनात बाकीचे चार चेहरे डोळ्यांसमोर आणले. भाऊसो मामा, हॅमरवर. तो दाढीवाला, हॅमरवर. उरलेले दोघं भाऊसो मामांबरोबरच आले होते. लग्न झालं त्या वर्षी कृष्णातनं स्वयंपाकघरातली सांडशी हातात धरून तिला दाखवलं होतं, तापलेला लोखंडी तुकडा कसा धरायचा, कसं तिरकं उभं राहायचं. डावं अंग हॅमरच्या दणक्याकडं, उजवं भट्टीकडं. तेव्हा सांडशीत दुधाचं पातेलं होतं आणि ती हसून हसून बेजार झाली होती.

गेलं वर्षभर घरात हसण्यासारखं काही नव्हतं. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि तो दारातल्या खुर्चीवर ढिम्म बसून राहायचा. स्वयंपाकघर त्याच्या डाव्या हाताला. एकदा, दोनदा, तीनदा हाक मारून ती तणतणत बाहेर यायची. "मी काय भिताडाशी बोलतीया का?" म्हणायची. तो नुसता बघायचा. पर्मनंट व्हायच्या आधीच माणसाला मस्ती आली, असं तिनं माहेरी आईला फोनवर सांगितलं होतं. पुढं पुढं तर तिनं हाका मारणंच सोडून दिलं. चहा आपटून ठेवायची आणि आत जायची. ते सगळं आता एकदम तिच्या अंगावर आलं.

सोमवारी त्याची मेडिकल होती. आठ वर्षं ठेकेदाराकडं राबल्यावर कंपनी पहिल्यांदा हॅमरवरच्या तिघांना कायम करणार होती. म्हसवडला सासूनं सिद्धनाथाला नवस बोलला होता. दुकानाच्या भाड्याचं, पोरीच्या शाळेचं, सगळ्याचं गाडं त्या सोमवारपाशी येऊन थांबलं होतं. मेडिकलला कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच असतं, असं कृष्णातनं परवा जेवताना सांगितलं होतं. विचारलं नसताना सांगितलं होतं.

"काय झालं, वैनी?"

तिच्या ओठांवर आलं होतं, कानाच्या डॉक्टरकडं जा बाबा, आजच जा. पण हा आज गेला तर उद्या सकाळी अख्ख्या शेडमध्ये तोच विषय. मग साहेबांच्या कानावर. मग सोमवारी हॅमरवरचा एकेक माणूस नीट पारखून घेतला जाईल, आणि त्यात पहिला कृष्णात.

"काय न्हाई," ती म्हणाली. "लॉटच खराब आलाय. तुला दुसरी डबी देते. मोबाइल आण हिकडं."

तिनं वरच्या फळीवरची भारी डबी काढली आणि त्याच्या फोनला जोडली. सेटिंगमध्ये जाऊन डाव्या-उजव्याची पट्टी शोधली आणि उजव्याचा आवाज हळूहळू कमी करत आणला, डाव्याच्या बरोबरीला.

"आता?"

साईराजचा चेहरा खुलला. "आता कसं! दोनी सारखं. म्हणून तर समदी तुमच्याकडंच येत्यात."

तो शीळ घालत गेला. राजेश्वरीला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढच्या गिऱ्हाइकाला तिनं चार्जरच्या जागी वायर दिली.

संध्याकाळी दुकान पोरीच्या मावशीवर सोपवून ती लवकर घरी आली. कृष्णात दारातल्या खुर्चीवर बसला होता. तिनं चहा केला. आज आपटला नाही, त्याच्या हातात दिला. मग पिशवीतून नवी डबी काढली.

"आवं, नवा माल आलाय. जरा घालून सांगा की कसा हाय त्यो."

तो चमकला. असलं काम तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण त्यानं चहा खाली ठेवला आणि दोन्ही बड कानांत बसवले.

ती समोर स्टूल घेऊन बसली, फोन मांडीवर. तिनं वाटेतच ठरवलं होतं. पट्टी पार डावीकडं न्यायची, उजवा पूर्ण बंद. तो म्हणेल, काहीच वाजत नाही. म्हणजे त्यालाही ठाऊक नाही. मग त्याच्याजवळ बसून सांगायचं, वर्षभर उगीच भांडलो, सोमवार जाऊ दे, मग दोघं मिळून मिरजेला डॉक्टरकडं जाऊ. साईराजलाही घेऊन जाऊ. हे सगळं ठरवल्यापासून तिला जरा हलकं वाटत होतं.

तिचा अंगठा पडद्यावर सरकला. पट्टी डाव्या टोकाला गेली.

कृष्णातची मान डोलायला लागली. गुडघ्यावर एक बोट ताल धरू लागलं. नजर तिच्या अंगठ्यावर होती.

"झकास हाय," तो जरा मोठ्यानं म्हणाला. "दोनी कानात एकदम सारखं. डावाबी एक नंबर."

राजेश्वरीनं खाली बघितलं. गाणं तिनं अजून लावलंच नव्हतं.

तिनं फोन पालथा केला. तिचा अंगठा थांबला तसं त्याचं बोटही थांबलं. त्यानं बड काढले, एकेक करून डबीत नीट बसवले आणि झाकण लावलं. चहावर साय आली होती, ती त्यानं बोटानं बाजूला केली.

"साईराज आलता म्हनं दुकानात."

"आलता."

"मग?"

त्यानं मान वळवून उजवा कान तिच्याकडं केला होता.

"लॉट खराब हाय म्हनून सांगितलं. दुसरी डबी दिली."

"बरं केलंस," तो म्हणाला. एक घोट घेतला. "मेडिकल होऊ दे. मग बगू त्याचं."

राजेश्वरी उठली. रिकामी बशी उचलायला ती त्याच्या डाव्या बाजूला आली आणि तिथंच उभी राहिली. तिनं विचारलं.

"तुमाला कवापास्नं म्हाइत हाय?"

कृष्णात चहा पीत राहिला. रस्त्यावरून दोन मोटरसायकली गेल्या. त्याला ऐकू आलं नाही, की त्यानं ऐकलं आणि उत्तर दिलं नाही, हे वर्षभर कळत नव्हतं तसंच तिला आताही कळलं नाही. उजवीकडं जाऊन पुन्हा विचारायला चार पावलं पुरेशी होती.

ती बशी घेऊन आत गेली.