बोलणाऱ्याचा पत्ता

“चिठ्ठीवर बोलणाऱ्याचा पत्ता टाकू नकोस गं,” संपादकबाई म्हणाल्या होत्या. “अर्थ लिही, उगम लिही. माणसाला कशाला गोवतेस?”

“बाई, शब्दकोशाचा नियमच आहे तसा,” म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज पोरगं कडेवर घेऊन ती कोशाच्या कचेरीत उभी होती आणि दोन माणसं ‘भ’चा खण उपसत होती. नवं सरकार आल्यापासून भांडवलशाहीची बाजू घेणाऱ्यांना उचलून नेत. नेलेला परत येत नसे.

ती चिठ्ठी तिला तोंडपाठ होती. भांडवलवादी : भांडवलशाहीचा कैवारी. उगम : भांड, म्हणजे व्यापाराचा माल, त्यावरून भांडवल. खाली वापराचा दाखला म्हणून किल्लीवाल्या काकांचं वाक्य : ‘आहेच मी भांडवलवादी! कानस माझी, टपरी माझी, नफाही माझाच.’ आणि त्याखाली, तिच्या सुबक अक्षरात, काकांचा पत्ता.

काका तिच्याच जिन्याखाली बसत. बाळ आत कोंडलं गेलं तेव्हा हातातला चहा टाकून धावत आले होते, अन् कुलूप उघडून दमडीही घेतली नव्हती. “कुठे बोलू नकोस हं. भांडवलवाद्याची अब्रू जाईल.”

“सापडली,” दोघांतला उंच म्हणाला.

तिने बाळाला इतकं आवळलं की ते किंचाळलं.

“रडतंय कशाला? खातोय का आम्ही त्याला?” त्याने चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. “नदीकाठची गल्ली, शेवटचं घर. कोण राहतं तिथे?”

नदीकाठ? तिने मान उंचावून पाहिलं. अक्षर तिचं नव्हतं. वेलांटी इतकी लांब ओढणारी कचेरीत एकच होती.

“मी राहते,” चष्मा पुसत संपादकबाई म्हणाल्या. “वाक्यही माझंच.”

“बाई, अहो...”

“तू मध्ये बोलू नकोस. पोराला भूक लागलीय, घरी ने त्याला.”

उंच माणसाने चिठ्ठी खिशात घातली. “येऊ घरी,” एवढंच म्हणाला.

ती गेली. हो, गेली. जिन्याखाली काका किल्लीवर कानस घासत होते. “आज लवकर सुटलीस?” त्यांनी विचारलं. ती तशीच जिना चढली.

त्याला आज चार दिवस झाले. बाई कचेरीत आलेल्या नाहीत आणि तिच्या फाटकासमोर एक अनोळखी माणूस सकाळपासून पेपर उघडून बसतो. पान काही उलटत नाही. बाळाला सोडून तिला बाईंकडे जाता येत नाही, घेऊनही जाता येत नाही. म्हणून पत्ता ती पुन्हा लिहून देते आहे, तुमच्यासाठी. नदीकाठची गल्ली, शेवटचं घर. जरा जाऊन या. कडी वाजवा, आणि दार कोण उघडतं तेवढं बघा.