भिवाचा अंदाज

"आवाज तसाच आहे, काका," एकता म्हणाली.

भिवाचा बॉनेटवरचा हात जागीच राहिला. दोन तास खपून त्याने इंजिनातल्या झडपांचे टॅपेट सारखे केले होते आणि इंजिन चालू होताच 'झालं' म्हणूनही टाकलं होतं. त्याला काहीच ऐकू आलं नाही, म्हणून आवाज गेला असं त्याने धरलं, आणि तिथेच फसला.

अंबडच्या बसस्थानकामागे त्याचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुलिंब, पण नाव मोठं. गाडी दारात वळायच्या आत हा गडी सांगायचा, दुसरा प्लग बघावा लागेल म्हणून. एकताचे वडील पन्नालालशेठ जालन्याचे कापडवाले. पंचवीस वर्षं त्यांनी गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. यंदा गाडी टिकटिक करायला लागली, जालन्यातल्या एका गॅरेजवाल्याने इंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनीच लेकीला इकडे पिटाळलं.

आणि इकडे दीड वर्षापासून भिवाला बारीक आवाज येईनासे झाले होते. माणसांचं बोलणं कळायचं, टिकटिक मात्र गेली. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाजारात कळलं तर बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार?

आताही 'खोलावंच लागेल' म्हटलं असतं तर एकताने मुकाट्याने ऐकलं असतं. पण आपली अब्रू झाकायला चांगलं इंजिन फाडायचं? त्याला स्वतःचाच राग आला.

"ताई, खरं सांगू का? मला त्यो आवाज येऊनच न्हाई राह्यला. दीड वरीस झालं."

एकताने उघड्या इंजिनाकडे बघितलं. "मंग हे दोन तास?"

"अंदाजानं केलं. चुकलं माझं."

"पप्पा तर म्हणतात, इंजिन भिवाशी बोलतं."

"बोलतं की अजून. मलाच जरा जवळ जावं लागन."

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. इंजिनाची धडधड दाढेतून थेट डोक्यात शिरली. एकेक जागा करत तो पुढे सरकला. सगळीकडे एकसारखी, निरोगी चाल.

"आतून बिलकुल ठीक हाय. खोलायचं काम न्हाई. आवाज सकाळी जास्त येतो का?"

"हो. इथं येईपर्यंत कमी होतो."

"मंग जेवून या. गार होऊ द्या त्याला."

ती परतल्यावर त्याने गार इंजिन चालू करायला लावलं आणि हात ओला करून, सायलेन्सरचा पाइप इंजिनला जिथे जोडलेला असतो त्या सांध्यालगत हळूहळू फिरवला. तिसऱ्या जोडावर ओल्या कातडीला बारीक फुंकर लागली. पुन्हा लागली. भिवा एकटाच हसला. आतलं पॅकिंग जळालं होतं आणि इंजिन गार असताना तिथून धूर टिकटिकत निसटत होता; तापलं की फट मिटत होती.

नवं पॅकिंग टाकून नट आवळेपर्यंत चार वाजले. एकताने गाडी चालू केली.

"गेला का?" भिवाने विचारलं. गिऱ्हाइकाला असं विचारायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते त्याला लागलं.

तिने मान खाली घालून बराच वेळ ऐकलं. "गेला, काका. बराबर गेला."

पाचव्या दिवशी राजूरची एक जीप दारात थांबली. चालक उतरला आणि भिवाच्या कानाजवळ येऊन ओरडला, "पन्नालालशेठनं धाडलंय. समदे म्हणून राह्यले, इंजिन खोला."

समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. भिवाचे कान तापले. म्हणजे त्याच्या कानांची बातमी राजूरपर्यंत गेली होती. आणि ती ऐकूनही जीप आली होती, दुसरीकडे कुठे न जाता. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर उचलला.

"वरडू नका भाऊ, बोललेलं कळतं मला," तो म्हणाला. "चालू करा गाडी. आवाज कसा हाय ते तुम्ही सांगा, कुठून हाय ते मी सांगतो."